वॉर्ड सहा, खाट बारा

हेडक्लार्कांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत नीट पोचली नव्हती. सकाळी साडेदहाला ते जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसत, पेनला टोपण आहे की नाही ते पाहत, आणि बायकोने चहा आणला की मान वर न करता म्हणत, "ठेवा तिथे." बायकोही ठेवून जात असे. बत्तीस वर्षं दप्तरखान्यात काढलेल्या माणसाला एकदम माणसात आणायला गेलं तर धक्का बसतो, असं तिचं मत होतं.

अशा माणसाला एके सकाळी चर्चच्या कमिटीचं पत्र आलं. पत्र तीन ओळींचं होतं आणि त्यात जावक क्रमांक घातलेला नव्हता, याचा त्यांना पहिला धक्का बसला. दुसरा धक्का मजकुराचा होता. हेडक्लार्क गेली बावीस वर्षं दर रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत शास्त्राभ्यासाचा वर्ग घेत. सध्या वर्गाला चार जण येत होते. तिमाहीच्या शेवटच्या रविवारी किमान बारा सभासद हजर नसतील, तर वर्ग बंद करून खोली गायकवृंदाला वाद्यं ठेवायला द्यावी, असा ठराव झाला होता.

"ढोल ठेवणार," हेडक्लार्क म्हणाले. "बावीस वर्षं जिथे मी शास्त्र शिकवलं, तिथे ढोल ठेवणार!"

"ढोल निदान वाजतो तरी," बायको म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

आता त्या चार जणांविषयी खरं सांगायचं तर एक हेडक्लार्कांचे मेहुणे होते, ते झोपायला येत. दुसरे एक घड्याळजी, त्यांचा मुलगा गाडी घेऊन येईपर्यंत त्यांना कुठेतरी बसायचं असे. तिसऱ्या आजींना हा वर्ग शिवणकामाचा आहे असं वाटत होतं आणि त्या विणकाम घेऊन येत. चौथा खरा विद्यार्थी होता, पण तो प्रश्न विचारत असे, त्यामुळे हेडक्लार्कांना तो फारसा आवडत नव्हता.

त्या रविवारी शिकवता शिकवता त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकापाशी पस्तीस-चाळीस माणसं घोळका करून उभी होती. ऊन डोक्यावर आलं होतं, पण एकही जण हलत नव्हता. मध्यभागी त्यांच्या शेजारच्या शिंपीणबाई उभ्या होत्या आणि हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, आणि बाकीचे असे ऐकत होते की हेडक्लार्क पुढचं वचन वाचायचं विसरले. बावीस वर्षांत त्यांचं असं कुणी ऐकलं नव्हतं. त्या घोळक्यात त्यांची स्वतःची बायकोही होती.

"काय चाललं होतं तिथे?" घरी जाताना त्यांनी विचारलं.

"आठ वाजताची मालिका. थोरली सून अंथरुणाला खिळलीय. काय झालंय तेच कळत नाही डॉक्टरांना."

घरी पोचेपर्यंत हेडक्लार्कांच्या मनाने एक ठराव मांडला, त्याला अनुमोदन दिलं आणि तो एकमताने मंजूरही केला. माणसं वर्गाला येत नसतील तर वर्गाने माणसांकडे जायचं. मालिकेतच शास्त्रवचन शोधायचं. थोरली सून म्हणजे सहनशीलता, धाकटा दीर म्हणजे बायबलातला उधळ्या पुत्र, आणि असंच पुढे.

अडचण एवढीच होती की त्यांनी आयुष्यात मालिका पाहिली नव्हती. आठ वाजता ते तत्त्व म्हणून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसत. आता तेच तत्त्व उचलून बैठकीत आणायचं म्हणजे मानाचा प्रश्न होता. शेवटी सोमवारी आठला दोन मिनिटं कमी असताना ते बैठकीत आले आणि म्हणाले, "आज इथे जरा हवा बरी आहे."

बायको आणि शिंपीणबाई यांनी एकमेकींकडे पाहिलं. शिंपीणबाईंकडे टीव्ही होता, पण एकटीने रडण्यात मजा नाही म्हणून त्या रोज इकडे येत.

"बसा," बायको म्हणाली. "पण मध्ये बोलायचं नाही. काय विचारायचं ते जाहिरातीत."

पहिल्या जाहिरातीत हेडक्लार्कांनी नऊ प्रश्न विचारले. दुसऱ्या जाहिरातीत शिंपीणबाई आपली खुर्ची लांब घेऊन बसल्या.

टिपणं घ्यायची त्यांची पद्धत निराळी होती. रकाने असल्याशिवाय त्यांना विचारच करता येत नसे. चर्चमध्ये नवे धर्मगुरू, पाळकसाहेब, आले तेव्हा त्यांनी प्रार्थनेच्या विनंतीचा जुना छापील नमुना रद्द केला होता, आणि त्याचे गठ्ठे रद्दीत जात असलेले पाहून हेडक्लार्कांनी हळहळत घरी आणले होते. किती सुंदर नमुना होता तो! आजारी व्यक्ती, आजाराचं स्वरूप, ठिकाण, कौटुंबिक परिस्थिती, विनंती करणाऱ्याचं नाव आणि सही. प्रत्येक पात्राला एक नमुना, असा त्यांनी नेम केला. खाली सहीही करत. सही नसलेला कागद त्यांच्या लेखी कागदच नव्हता.

मग कमिटीचं लचांड उभं राहिलं. मालिका हे 'अभ्याससाहित्य' आहे की नाही, असा मुद्दा सेक्रेटरींनी काढला आणि आतापर्यंतच्या अकराशे भागांचा गोषवारा तीन प्रतींत मागितला. कुणी दुसरा असता तर त्याने हात टेकले असते. हेडक्लार्कांच्या चेहऱ्यावर मात्र आठ वर्षांनी तेज आलं. बायकोने भाजी चिरता चिरता तोंडी सांगितलं आणि त्यांनी चार दिवस लिहून घेतलं. तिला कोण कुणाचा सावत्र भाऊ, कुणाची कितव्या भागात स्मृती गेली आणि कितव्या भागात परत आली, हे सगळं मुखोद्गत होतं. हेडक्लार्क मध्येच पेन थांबवून तिच्याकडे पाहत राहिले. अशी बाई दप्तरखान्यात असती तर तीन कपाटं कमी लागली असती, असं त्यांना वाटलं.

कमिटीची सभा अडीच तास चालली. कारण गोषवाऱ्याच्या सतराव्या पानावर सेक्रेटरी अचानक ओरडले, "चूक! वाड्याचे कागद काकाने नाही जाळले, मुनिमाने जाळले!" आणि मग घाईघाईने पाणी प्यायले. आपल्या घरात टीव्ही फक्त बातम्यांसाठी आहे असं ते गेली दहा वर्षं सांगत आले होते. त्यानंतर प्रायोगिक तत्त्वावर मंजुरी मिळायला तीन मिनिटं लागली.

पहिल्या रविवारी सात जण आले. हेडक्लार्कांनी विषय घेतला होता 'निःस्वार्थ सेवा', आणि उदाहरण दिलं मालिकेतल्या सासूचं. आजारी सुनेला रोज रात्री स्वतःच्या हाताने दुधाचा पेला नेऊन देणारी ती माउली! बोलता बोलता त्यांनी रुमालाने डोळे टिपले. "सेवा असावी तर अशी," ते म्हणाले. "आज घरी जाल तेव्हा प्रत्येकाने स्वतःला विचारा, मी त्या सासूसारखा होईन का?"

सोमवारी आठ वाजून वीस मिनिटांनी ती माउली दुधात विष कालवताना दिसली.

हेडक्लार्कांच्या तोंडचं पाणी पळालं. शिंपीणबाईंनी मात्र हात झटकले. "मला तेव्हाच ठाऊक होतं, भाऊ. ती दूध घेऊन निघाली की मागे काय वाजायचं ते ऐकलं नाहीत का तुम्ही?"

"मग रविवारी का नाही बोललात?"

"तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, कशाला?"

पुढच्या रविवारी वर्गाला तीन जण होते. विणकामाच्या आजीही आल्या नाहीत. फाटकापाशी कुणीतरी "दूध घेणार का, हेडक्लार्कसाहेब?" असं विचारलं आणि पिकलेला हशा आतपर्यंत ऐकू आला. तिमाही संपायला चारच रविवार उरले होते.

पण पाठ दाखवणाऱ्यातले ते नव्हते. त्या आठवड्यात थोरली सून बेशुद्ध पडून इस्पितळात दाखल झाली आणि हेडक्लार्कांनी नवा पाठ तयार केला, 'आजाऱ्यांचा समाचार'. नमुना काढला आणि टाकाने लिहावं तशा अक्षरात भरला. आजारी व्यक्ती : थोरली सून. आजाराचं स्वरूप : विषप्रयोग, दुधातून. ठिकाण : मोठं सरकारी रुग्णालय, वॉर्ड सहा, खाट बारा. (खाटेच्या वरची पाटी पडद्यावर अर्धा सेकंद दिसली होती, पण दप्तरखान्यातल्या नजरेतून नंबर सुटत नाही.) कौटुंबिक परिस्थिती : थोरला मुलगा परागंदा. विष सासूने दिले. सासऱ्याला सर्व ठाऊक, परंतु तोंड उघडत नाही. खाली स्वतःचं नाव, तारीख आणि सही.

शनिवारी ते खोली लावायला गेले तेव्हा हा कागद वहीतून निसटून बाकाखाली पडला. चर्चचा शिपाई झाडायला आला. त्याला कागद दिसला. त्याने पाहिलं, तर प्रार्थनेची विनंती होती, नमुना जुना पण सही ओळखीची. त्याने कागदावरची धूळ पुसली, दोनदा कपाळ चोळलं आणि तो प्रार्थनेच्या पेटीत टाकला.

रविवारी हेडक्लार्क आणि बायको नेहमीप्रमाणे तिसऱ्या बाकावर बसले होते. पाळकसाहेबांना येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. कोण कुणाचं कोण, हे त्यांना अजून उमगलेलं नव्हतं. ते जड आवाजात म्हणाले, "आज एक अत्यंत दुःखद विनंती आपल्यापुढे आहे. आपले वडीलधारे बंधू हेडक्लार्कसाहेब यांची थोरली सून वॉर्ड सहा, खाट बारा इथे मृत्यूशी झुंज देत आहे. त्यांचा थोरला मुलगा घर सोडून गेला आहे. बंधूंनी मोठ्या धैर्याने आपलं मौन सोडून घरातली गोष्ट आपल्यापुढे ठेवली आहे." इथे त्यांनी डोळे मिटले. "तपशिलात मी जात नाही. पण आपण सर्व मिळून, सासूबाईंच्या मनपरिवर्तनासाठी विशेष प्रार्थना करू या."

हेडक्लार्कांच्या बायकोच्या हातून गीतांचं पुस्तक पडलं. तिच्या शेजारी बसलेल्या बाई गुपचूप दोन वीत सरकल्या.

उभं राहून खुलासा करावा असं हेडक्लार्कांना वाटलं. पण चालू प्रार्थनेत बोलणं नियमात बसत नव्हतं, आणि प्रार्थना अकरा मिनिटं चालली. ती संपेपर्यंत मागच्या बाकांवर हुंदके सुरू झाले होते आणि पुढच्या बाकावरचे सेक्रेटरी, ज्यांना सगळं कळलं होतं, ते रुमाल तोंडात कोंबून थरथरत होते. लोकांना वाटलं, तेही रडताहेत.

बाहेर पडल्या पडल्या हेडक्लार्कांचा फोन वाजला.

"बाबा, मी परागंदा आहे म्हणे?" थोरला मुलगा दुसऱ्या गावाहून विचारत होता. "तिघांचे फोन येऊन गेले. हिला विचारताहेत, शुद्धीवर कधी आलीस?"

मागून आठची मालिका न चुकवणाऱ्या सूनबाईचा आवाज आला, "आईंना सांगा, मी दूध पीत नाही म्हणून वाचले."

बायकोने फोन काढून घेतला, बंद केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने असं दोनदाच पाहिलं होतं, आणि पहिल्या वेळी छपराचा तुकडा पडला होता.

"अगं, तो पाठ होता," हेडक्लार्क म्हणाले.

"कळलं मला. सही कशाला केलीत?"

तेवढ्यात शिंपीणबाई बातमी घेऊन धावत आल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षा मेट्रनबाई तीन बायका आणि फळांची टोपली घेऊन इस्पितळाकडे निघूनही गेल्या होत्या. मेट्रनबाई त्याच इस्पितळात पस्तीस वर्षं परिचारिकांच्या प्रमुख म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या आणि आजारी माणूस म्हटलं की त्या आमेन व्हायचीही वाट पाहत नसत.

"आता तिथे जाऊन त्या कुणाच्या उरावर बसणार!" हेडक्लार्क म्हणाले आणि निवृत्तीनंतर प्रथमच धावले. बायकोही मागोमाग निघाली. म्हणाली, "चला. सासूला बघितल्याशिवाय लोकांचं समाधान नाही व्हायचं."

इस्पितळाच्या दारात पहारेकऱ्याने मोठी वही पुढे सरकवली. भेटणाऱ्याचं नाव, रुग्णाचा वॉर्ड, खाट, रुग्णाशी नातं. हेडक्लार्कांनी पहिले तीन रकाने झरझर भरले आणि चौथ्यापाशी त्यांचा हात थांबला. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही रकाना कोरा सोडला नव्हता आणि एकाही रकान्यात खोटं लिहिलं नव्हतं. मागे रांग वाढायला लागली.

"लिहा की आजोबा. नातं काय?"

"नातं असं नाही. म्हणजे, ज्यांना भेटायचंय त्या नाहीत. आणि ज्या आहेत..."

"नातं नसेल तर आत सोडता येत नाही."

बायकोने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, सासू. "आख्ख्या चर्चने ठरवलंच आहे," ती म्हणाली, "तर निदान आत जायला तरी उपयोग होऊ दे." आणि ती पुढे चालू लागली. हेडक्लार्क मान खाली घालून मागून गेले. पहारेकऱ्याने त्यांच्या नावापुढे आपणहून 'सासरे' लिहून टाकलं.

वॉर्ड सहामध्ये बारा नंबरच्या खाटेवर एक सत्तरीपुढच्या बाई पाय प्लास्टरमध्ये टांगून पडल्या होत्या. चेहरा करारी, केस पांढरेशुभ्र. सभोवती महिला मंडळ हात जोडून उभं होतं. मेट्रनबाईंनी नुकतीच प्रार्थना संपवली होती आणि आता त्या खाटेवरची चादर योग्य कोनात दुमडत होत्या.

"थोरली सून जरा वयस्कर वाटते," एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली.

हेडक्लार्कांनी दारातच सगळं सांगून टाकलं. रद्द झालेला नमुना, मालिका, सही, काही लपवलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, कारण कुणाकडे पाहायची त्यांची हिंमत नव्हती. मेट्रनबाईंचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. खरोखरची सून समजून त्यांनी पंचवीस मिनिटं प्रार्थना केली होती.

"म्हणजे ही टोपली चुकून आली?" खाटेवरच्या बाईंनी विचारलं.

"हो," हेडक्लार्क म्हणाले. "क्षमा करा. आम्ही जातो."

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "टेलिफोनवर पस्तीस वर्षं माणसं जोडून दिली मी. रोज हजार माणसं एकमेकांशी बोलायची, माझ्या हातून. इथे सात आठवडे पडलेय, आणि त्या दारातून माझ्यासाठी आजवर एक माणूस आत आलेलं नाही. चुकूनसुद्धा नाही. तुम्ही निदान चुकून तरी आलात. बसा." मग त्यांनी डोळे बारीक केले. "थोरली सून म्हणालात ती कुठली? आठ वाजताची का? शुद्धीवर आली का हो ती? आमच्या वॉर्डातला टीव्ही मी आले त्याच दिवशी बिघडलाय."

कुणी काही बोलायच्या आत हेडक्लार्कांच्या बायकोने स्टूल ओढलं. "तुमचं कुठपर्यंत पाहून झालं होतं?"

"मुनिमाने कागद जाळले तिथपर्यंत."

"अगंबाई! मग खूपच राहिलंय," ती म्हणाली आणि सफरचंद कापता कापता सांगायला लागली.

तिने दीड तास सांगितलं. अकरा आणि तेरा नंबरच्या खाटा उठून बसल्या. सात नंबरच्या बाई सलाइनचा खांब धरून आल्या. नर्स औषधाची गाडी थांबवून उभी राहिली. मेट्रनबाईंनी थोडा वेळ राग धरला आणि मग त्याही काठावर टेकल्या. दुधाचा पेला आला तेव्हा सगळ्या वॉर्डाने श्वास रोखला.

हेडक्लार्क भिंतीला टेकून उभे होते. त्यांना खिडकीतून पाहिलेला फाटकापाशीचा घोळका आठवला. आजाऱ्याच्या समाचाराला जा, हे त्यांनी बावीस वर्षांत निदान चाळीस वेळा शिकवलं होतं, मुद्दे एक ते सात, पण त्या काळात ते स्वतः एकदाही कुणाच्या खाटेशी येऊन बसले नव्हते. जी बाई नव्हतीच तिला शोधायला ते आले होते, आणि जी होती तिच्याकडे सात आठवडे कुणी फिरकलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग फार आनंदही झाला, तो कुठल्या रकान्यात घालावा ते त्यांना कळेना. ते गेले आणि नर्सकडून कप मागून सगळ्यांसाठी चहा घेऊन आले.

बायको मान वर न करता म्हणाली, "ठेवा तिथे."

ते ठेवून बाजूला झाले.

त्यानंतर रोज रात्री मालिका संपली की मंडळातली कुणी ना कुणी वॉर्ड सहामध्ये जाऊन त्या दिवशीचा भाग सांगून येऊ लागली. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी व्यासपीठावरून खुलासा केला. तो इतका लांबला की ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांना तो आणखी कळेनासा झाला. सासूबाईंचं मनपरिवर्तन झालं का, असं एका आजोबांनी बाहेर विचारलंच.

तिमाहीचा शेवटचा रविवार उजाडला. सेक्रेटरी हजेरीवही घेऊन मागच्या खोलीच्या दारात बसले. ज्याचा प्रवेशाचा नमुना पूर्ण भरलेला आहे तोच सभासद मोजायचा, आणि तेही साडेअकराच्या ठोक्यापर्यंत, असं त्यांनी जाहीर केलं. ढोलवाले ढोल घेऊन वऱ्हांड्यात उभे होते. मेहुणे आले, घड्याळजी आले, विणकामाच्या आजी आल्या, प्रश्न विचारणारा आला, मेट्रनबाई आपल्या तिघींना घेऊन आल्या, शिंपीणबाई आल्या, शिपाई झाडू कोपऱ्यात ठेवून आला. दहा झाले. अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

मग हेडक्लार्कांची बायको पुढे आली. बावीस वर्षांत ती या खोलीत एकदाही आली नव्हती. तिने नमुना भरला.

"तू?" हेडक्लार्क म्हणाले.

"एका अटीवर. मालिकेचं मी सांगणार. तुम्ही त्यातलं वचन शोधायचं. मध्ये बोलायचं नाही."

"जाहिरातीत तरी?"

"बघू," ती म्हणाली.

अकरा झाले. सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. ढोलवाल्यांनी ढोल उचलला.

तेवढ्यात फाटकापाशी एक गाडी थांबली आणि वॉर्ड सहातली नर्स उतरली. तिच्या मागून, दोन कुबड्यांवर, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाई उतरल्या. फाटकापाशी नेहमीचा घोळका होता. त्यांनी कुबडीनेच वाट करून घेतली. "काय उन्हात उभे राहिलात? सांगणारी आत गेली ना?" असं म्हणत त्या वऱ्हांडा चढल्या आणि सेक्रेटरींच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "आण रे तो कागद. माझं नाव घाल."

सेक्रेटरींनी नमुना दिला. बाईंनी तो भिंतीला लावून उभ्यानेच भरला. 'या मंडळीतील कोणाशी नातं' हा रकाना आला तेव्हा त्या थांबल्या, हेडक्लार्कांकडे आणि त्यांच्या बायकोकडे पाहिलं, आणि लिहिलं.

सेक्रेटरींनी कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. "हे चालणार नाही. बाईंचं वय चौऱ्याहत्तर आहे. हेडक्लार्कसाहेब, तुम्ही एकोणसत्तर. आणि यांनी लिहिलंय, हेडक्लार्कांची थोरली सून."

घड्याळजींनी हातातलं घड्याळ पाहिलं आणि एक मिनिट, असं बोट वर केलं.

हेडक्लार्कांनी कागद हातात घेतला. चष्मा लावला, नाव पाहिलं, वय पाहिलं, नात्याचा रकाना दोनदा वाचला. मग खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, 'नोंद तपासली, बरोबर आहे' असं लिहिलं, आणि खाली सही केली.

"बारा," घड्याळजी म्हणाले.

सेक्रेटरींनी वहीत बारा लिहिलं, पण ते वाळायच्या आत फाटकापाशीचा घोळका वऱ्हांड्यात आला होता आणि पंधरा, अठरा, बावीस असं करता करता वहीचं पान संपलं. बाकं पुरेनात. शेवटी हेडक्लार्क स्वतः बाहेर गेले आणि ढोलवाल्यांना म्हणाले, "ढोल आडवा करा आणि आत आणा. दोघं जण बसतील त्याच्यावर."